एकाच म्हाताऱ्याची जखम भरली

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कोणी जुनी केस विचारली की मनात आधी उभं राहतं ते हे प्रकरण. यात कोणी कोणावर हत्यार उगारलं नव्हतं, तरी इतका हादरलो होतो की आज लिहितानाही बेचैन होतं.

संयुक्त महाराष्ट्र झाल्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो. एका दुपारी स्टेशन डायरी लिहीत असताना फुलसावंगीकडची एक बाई जमादाराला न जुमानता थेट माझ्या टेबलापर्यंत आली. तिचा नवरा दिग्रसच्या जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता. यंत्राच्या पट्ट्यात सापडून त्याच्या मांडीचं हाड मोडलं. आमचं ठाणं होतं त्या गावच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं, टाके काढून घरी पाठवलं आणि पंधरा दिवसांत जखमेतून पू वाहू लागला. त्याला पुन्हा भरती केलं होतं.

"साहेब, आता पाय कापा लागते म्हणून राह्यले."

"बाई, हे डॉक्टरांचं काम. पोलीस काय करणार?"

"एकट्या माह्या मालकाचं असतं तर मी आलीच नसती. हाडाचं आपरेशन झालेले पाच जण वापस आले. पाचाईच्याही जखमीत पू. त्यातली एक बाई काल मेली. लोकं म्हणतात नशीब. नशीब तं आम्ही धर्म बदलला तवाच सोडलं, साहेब. मले कारण पाह्यजे."

बाईचा जबाब घेतला आणि दवाखान्यात गेलो. वॉर्डाच्या दारातच सडका वास आला. जिनातला तो धिप्पाड माणूस खाटेवर चिपाडासारखा पडला होता. नागपूरहून दर पंधरवड्याला येणारे हाडांचे डॉक्टर त्या दिवशी तिथेच होते. ते म्हणाले, "मी स्वतः उभा राहून हत्यारं उकळून घेतो. नागपुरात असं होत नाही. इथेच का होतं, मला कळत नाही."

माझं डोकं पोलिसाचं. मला चोरी दिसली. पेनिसिलीन बाहेर विकत असतील आणि रोग्यांना पाणी टोचत असतील, असा माझा तर्क. औषधांची किल्ली कंपाउंडरकडे. त्याला ठाण्यात आणलं आणि दोन दिवस चौकशी केली. त्या काळी चौकशी म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. मारलं असं लिहायची लाज वाटते, पण मारलं. शेवटी साठा मोजला तर एकूण एक बाटली जुळली. त्याला सोडताना माझ्या तोंडून माफीचा एक शब्दही निघाला नाही.

तिसऱ्या दिवशी ती बाई पुन्हा आली. या वेळी आवाजात धार होती.

"पाच जणाईचं पाह्यलं तुम्ही. बऱ्या झालेल्याचं काहून नाही पाह्यत?"

"कोण बरा झाला?"

"खिडकीजवळचा म्हातारा. म्हातारं हाड, म्हणून अजून इथंच हाये. माह्या मालकाच्याच दिवशी त्याच्या मांडीचं आपरेशन झालं. त्याची जखम कोरडी ठाक. औषध तेच, डॉक्टर तेच. पण त्याची पट्टी घरून येते, पितळेच्या डब्यात."

मी तसाच उठलो. म्हातारा बोलका होता.

"बाबा, तुमची पट्टी कोण बदलतं?"

"माहा पोरगा. इथंच बंबावर हाये तो. आपरेशनच्या दिवशीही समदं कापड त्यानं घरूनच उकळून आणलं. त्याले दुसऱ्याचा भरोसा नाही."

बंब म्हणजे ऑपरेशनचं कापड, कापूस, पट्ट्या ज्यात कडक वाफेने निर्जंतुक करतात ते यंत्र. ज्याच्या हातात अख्ख्या दवाखान्याचा बंब, तोच आपल्या बापासाठी घरी कापड उकळत होता!

मी त्याला ठाण्यात नेलं नाही. बंबाच्या खोलीत गेलो आणि म्हटलं, "पेटव." पस्तिशीतला, हडकुळा माणूस. त्याने स्टोव्ह पेटवला. पाणी उकळलं. झाकणाच्या कडेने वाफ फसफसत बाहेर पडत राहिली आणि दाबाचा काटा होता तिथेच राहिला. रजिस्टर उघडलं. सकाळची नोंद होती, 'पूर्ण दाब'. आदल्या दिवशी तीच. त्याच्या आधीचे सगळे दिवस तीच.

तो भिंतीला टेकून खाली बसला. "झाकणाचं रबर फाटलं, साहेब. दिवाळीपासून."

"कोणाला सांगितलंस?"

त्याने पत्र्याच्या पेटीतून तीन अर्ज काढले. तिन्हींवर दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरांचा लाल शेरा होता, 'आहे त्यातच भागवावे.' तिसऱ्या वेळी, पुन्हा कागद आणलास तर घरी बसवीन, असंही त्यांनी तोंडी सुनावलं होतं. याची नोकरी हंगामी.

"आणि बापाची पाळी आली तेव्हा घरी उकळलंस. म्हणजे तुला माहीत होतं."

"हाव," तो म्हणाला. "माहीत होतं."

मी फाटलेलं रबर पंचांसमक्ष जप्त केलं, रजिस्टर आणि अर्ज सीलबंद केले. अटक करून नेताना त्याने बापाला भेटू द्यायची विनंती केली. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग समोरच्या खाटांकडे पाहिलं.

"बाकीच्याईले काहून नाही उकळलं रे?" त्याने विचारलं.

म्हाताऱ्याने मांडीवरची स्वच्छ पट्टी ओरबाडायला सुरुवात केली. नर्सने आणि जमादाराने त्याचे हात धरले.

नागपूरला तार केली. नवं रबर चार दिवसांत आलं. महिनोन्‌महिने जे मिळालं नाही, ते चार दिवसांत. जिनातल्या माणसाचा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला, पण जीव वाचला. निष्काळजीपणाने मृत्यू आणि दुखापत या कलमांखाली खटला चालला, बंबवाल्याला शिक्षा झाली. लाल शेरा मारणाऱ्यांची फक्त बदली झाली. त्यांच्याविरुद्ध मी पाठवलेला अहवाल वर कुठे गेला, मला शेवटपर्यंत कळलं नाही. निकालानंतर ती बाई मला एवढंच म्हणाली, "कारण सापडलं, साहेब. पाय नाही सापडला."

पण मला खरा धक्का बसला तो त्याआधी, बंबवाल्याचा जबाब लिहिताना. मी विचारलं होतं, "माणसं सडताना दिसत होती. एकदा तरी ठाण्यात यायचं होतंस."

"आलतो, साहेब," तो म्हणाला. "तुम्ही कंपाउंडरले आत घेतलं होतं त्या दिवशी. मी फाटकापाशी उभा होतो. त्याचं ओरडणं आयकलं अन् वापस गेलतो."

त्याच्या दुसऱ्याच दिवशी, डॉक्टर नागपूरला परतण्यापूर्वी, तांड्यावरच्या एका मुलीच्या मोडलेल्या कोपराचं ऑपरेशन झालं होतं. कापड त्याच बंबातलं. जखमेत पू झालेली ती सहावी. तिचा हात पुढे कायमचा आखडला.

फाटकापासून परत गेल्याचं त्याचं वाक्य जबाबात घ्यायचं की गाळायचं, यावर मी बराच वेळ लेखणी धरून बसलो. गाळलं असतं तर कोणाला कळलं नसतं. मी ते घेतलं. कोर्टात ते वाचलं गेलं, तेव्हा मॅजिस्ट्रेटनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होतो, पण त्या क्षणी आपण आरोपी आहोत असं मला वाटलं.

त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत माझ्या खोलीत मी कोणावर हात उचलला नाही आणि उचलू दिला नाही. सोबतचे अधिकारी हसत, मऊ फौजदार म्हणत. मी त्यांना हकीकत सांगत नसे. जरब बसली की गुन्हेगार कबूल होतात, असं आम्हाला शिकवलं होतं. खरं सांगायला निघालेला माणूसही त्याच जरबेने फाटकातून परत जातो, हे मात्र मला एका मुलीच्या आखडलेल्या हाताने शिकवलं.