एक तारखेचं पाकीट

नोकरी सोडली तेव्हा बाबांनी एकच अट घातली. दर एक तारखेला देवापुढे पाकीट ठेवायचं. एक महिना जरी चुकला, तरी वाद न घालता पुन्हा नोकरी बघायची.

आमच्या डोंबिवलीच्या घरात ही जुनी रीत होती. बाबा ठाण्याच्या कारखान्यात होते तेव्हा पगाराचं पाकीट आधी देव्हाऱ्यात जायचं, आई त्याला हळदकुंकू लावायची आणि मगच ते उघडायचं. पुढे मी नौपाड्यातल्या एका आर्किटेक्टकडे लागले, तेव्हा माझंही पाकीट तसंच ठेवलं जाऊ लागलं. आता बाबा निवृत्त झाले होते. फंडाचे पैसे मुदत ठेवीत अडकलेले, भाऊ डिप्लोमाला. घर बरंचसं माझ्या पाकिटावर चालायचं. अट जाचक होती असं मी म्हणणार नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. ठाण्यात जुने बंगले पाडून इमारती उठत होत्या. आर्किटेक्ट पेन्सिलीने नकाशा काढायचे, तो मी ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायचे, मग त्याच्या प्रिंट निघून महापालिकेत मंजुरीला जायच्या. पगारावर जेवढे कागद उतरवायचे तेवढेच घरी बसून उतरवले तर जास्त पैसे मिळतील, हा हिशोब मी मांडला आणि तो बरोबर होता. खिडकीखाली ड्रॉइंग बोर्ड मांडला आणि तीन ऑफिसांची कामं घेतली.

चुकला तो दुसरा हिशोब. पाकिटात किती ठेवायचे हे मी एप्रिलमध्ये ठरवलं. पावसाआधी पाया घालायचा म्हणून तेव्हा सगळ्यांना घाई असते. बोर्डावर एक काम आणि दारात दुसरं, अशी स्थिती. पगार साडेसहाशे होता, मी ऐटीत आठशे जाहीर केले.

"आठशे? दर महिन्याला?" बाबांनी विचारलं.

"दर महिन्याला."

"बघ हं. मी वाण्याला तसं सांगून ठेवतो."

जूनमध्ये पाऊस लागला आणि कामं निम्म्यावर आली. आठशे मात्र आठशेच राहिले. ऑफिसं मला कागद आणि शाईचे पैसे आधी द्यायची. ते मी वेगळे ठेवायचे. जुलैच्या पाकिटात शंभर कमी पडले तेव्हा ते तिथून घेतले. ऑगस्टमध्ये जरा जास्त घेतले. मग नव्या कामाच्या आगाऊ पैशांतून जुन्या कामाचा कागद आणायचा, आणि नव्याच्या कागदाचं देणं डोक्यावर राहायचं. घरात कोणाला कळत नव्हतं. वीस तारीख उलटली की माझं जेवण कमी व्हायचं. रेघ ओढताना डोक्यात आकडे चालू असले की पेन एका जागी थांबायचं आणि शाईचा ठिपका पसरायचा. मग अर्ध्या ब्लेडने तो खरवडत बसायचं. चिंता करण्यात वेळ जातो म्हणतात. माझे कागदही जात होते.

सप्टेंबरच्या शेवटी दोन मोठी कामं पुरी करून दिली होती. दोन्हींचे पैसे आले असते तर पाकीट भरून वर कागदाचं देणंही फिटलं असतं. एक तारखेला तीन दिवस उरले होते. घरात सहाशे दहा रुपये होते. मी नौपाड्याला गेले. दोन्ही कामं माझ्या जुन्या साहेबांचीच होती.

"अगं, पार्टी चेक देत नाहीये," साहेब म्हणाले.

"का? नकाशात चूक आहे?"

"नकाशा फर्स्टक्लास आहे. पितृपक्ष लागलाय ना. पंधरवड्यात नवीन व्यवहार नको म्हणतो. सर्वपित्री होऊ दे, घटस्थापनेनंतर बघू म्हणाला."

"माझा व्यवहार नवीन नाहीये सर. दोन महिने जुना आहे."

"ते तू त्याच्या आईला जाऊन सांग. सगळं ती ठरवते."

"मग तुम्ही द्या."

"मी कुठून देऊ? मला तरी कुठे मिळालेत?" एवढं बोलून त्यांनी टेबलावर तिसऱ्या कामाची पेन्सिल ड्रॉइंग पसरली. दसऱ्याच्या आत महापालिकेत द्यायची होती, म्हणजे आजच सुरू करायला हवं होतं. पंधरवड्यात काम करून घ्यायला पार्टीची हरकत नव्हती. हरकत फक्त पैसे द्यायला होती.

साहेबांनी खिशातून दोनशे रुपये काढले. "हे ट्रेसिंग पेपरच्या रोलचे आणि शाईचे. आणि एक सांगू? तुझं टेबल अजून रिकामंच आहे. परत ये. एक तारखेला हातात पगार, डोक्याला ताप नाही."

"विचार करते," मी म्हणाले. खरंच करत होते.

खाली उतरले. सहाशे दहा आणि दोनशे, आठशे दहा. पाकीट भरत होतं, वर दहा रुपये. पण मग रोल कशाचा आणायचा? रोल नाही तर तिसरं काम नाही, आणि ते वेळेत गेलं नाही तर साहेब पुन्हा मला काम देणार नाहीत. पुढचं काम मिळालं नाही तर नोव्हेंबरचं पाकीटही गेलं. स्टेशनरीच्या दुकानासमोर मी इतका वेळ उभी राहिले की दुकानदाराने विचारलं, "ताई, काही हवंय की कोणाची वाट बघताय?"

मी रोल घेतला.

एक तारखेला पाकिटात सहाशे ठेवले. हळदकुंकू लावताना आईच्या बोटांना ते बारीक लागलं असणार. बाबांनी उघडलं, मोजलं, पुन्हा मोजलं.

"दोनशे कमी आहेत."

"हो."

"आपलं काय ठरलं होतं?"

"नोकरी बघायची."

"मग?"

मी साहेबांचं रिकामं टेबल डोळ्यांपुढे आणलं आणि म्हणाले, "नौपाड्याला जागा आहे. उद्या जाऊन सांगू का, येते म्हणून?"

बाबा पटकन म्हणाले, "उद्या? पितृपक्षात?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तिच्या आजोबांची तिथ परवा आहे. अशा दिवसांत नवी नोकरी धरतात का कोणी? तुम्हीच सांगायचात ना."

बाबांची पंचाईत झाली. स्वतः त्यांनी या पंधरवड्यात कधी चप्पलही विकत घेतली नव्हती. त्यांनी पाकीट उचलून पुन्हा देव्हाऱ्यात ठेवलं. "दसऱ्यापर्यंत," शेवटी म्हणाले. "वाण्याला मी सांगतो. पण दसऱ्यापर्यंतच."

त्या दिवसांत मी जेवायला आणि आंघोळीला सोडून बोर्डावरून उठले नाही. सर्वपित्री झाली, घट बसले, तरी चेक नाही. रोज दुपारी खालच्या दुकानातून साहेबांना फोन करायचा, रोज "उद्या" ऐकायचं, आणि वर येऊन रेघा ओढायच्या.  बाबा पेपरातलं नोकऱ्यांचं पान घडी घालून माझ्या बोर्डाच्या कोपऱ्यावर ठेवत होते.

खंडेनवमीला तिसरं काम साहेबांच्या हातात दिलं आणि त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसले.

"आता काय?" त्यांनी विचारलं.

"चेक मिळेपर्यंत बसते. काम नाहीये आज मला."

पार्टीला फोन झाला, पार्टीच्या आईला निरोप गेला, आणि चार वाजता माणूस चेक घेऊन आला. दोन्ही कामांचा, पुरा.

दसऱ्याला तो चेकच देवापुढे ठेवला, आणि वटल्यावर आधी उरलेले दोनशे पाकिटात घातले. मग कागदाचं सगळं जुनं देणं फेडलं. उरलेले बँकेत टाकले आणि त्यांना हात लावला नाही. नोव्हेंबरच्या एक तारखेला पाकिटात साडेपाचशे होते.

"हे काय? चेक आला ना तुझा?" बाबा म्हणाले.

"आला. माझा पगार मीच कमी केलाय. पावसातही एवढाच मिळेल आणि एप्रिलमध्येही एवढाच."

"एप्रिलमध्ये वाढ नाही?"

"नाही."

बाबांनी पाकिटाची घडी घातली. "मालक चिकट दिसतोय तुझा."

"आहे," मी म्हणाले.

मग वाण्याकडे काय काय कमी आणायचं, यावर आईची आणि त्यांची जुंपली, आणि मी बोर्डाकडे वळले.