पैलवानाचा मोडलेला कान

माझा मोठा भाऊ अकोल्यात जुनं फर्निचर विकतो, असं तो सांगतो. खरं सांगू? तो नवं फर्निचर विकतो आणि त्याला जुनं म्हणतो. बार्शीटाकळीच्या रस्त्याला त्याचं गोदाम आहे. तिथे कारागीर नव्याकोऱ्या सागवानी खुर्च्यांना सायकलच्या चेनने बडवतात, चहाच्या पाण्याने काळं करतात, आणि मग हा गिऱ्हाइकापुढे हात जोडून म्हणतो, साहेब, इंग्रजांच्या वेळचं हातकाम आहे, आता असे सुतार राहिले नाहीत. असा एक सुतार अमरावतीत खाटेवर बसलाय आणि तो आपला बाप आहे, हे सांगायला मात्र त्याची जीभ रेटत नाही.

मी डी.एड.ला होते तेव्हा माझी पुस्तकं फळीवरून सारखी कलंडायची. बाबांनी परतवाड्याहून आणलेल्या सागाचे दोन टेकू करून दिले, फळीच्या दोन्ही टोकांना एकेक. प्रत्येकावर एक पैलवान, लंगोट कसलेला, मान खाली घालून पुस्तकांना खांदा लावलेला. पुस्तकं काढली की दोघं एकमेकांना भिडायचे. उजवीकडचा बाबांचा आखाड्यातला जोडीदार, तो आता हयात नाही. डावीकडचे बाबा स्वतः. ओळखायचं कानावरून. कुस्तीत घासून घासून बाबांचा डावा कान भज्यासारखा गोळा झालेला आहे आणि त्यांनी लाकडातही तसाच गोळा कोरला होता. पैलवानाला तो कान लपवावासा वाटत नाही. तो कमवायला वर्षं जातात.

पुढे काचबिंदूने बाबांची नजर गेली. त्यांनी आयुष्यभर केलेले पलंग, कपाटं, देव्हारे लोकांच्या घरी. आमच्या घरात त्यांच्या हातचं एवढंच उरलं होतं. मी शाळेतून आले की ते टेकू मागायचे, मांडीवर घ्यायचे, आणि बोटं त्या कानापाशी आली की नांदगाव खंडेश्वरच्या जत्रेतली कुस्ती सुरू व्हायची. तीच कुस्ती, तोच डाव, रोज. मला ती पाठ झाली होती तरी मी ऐकायची, कारण तेवढा वेळ बाबा आंधळे नसायचे.

दिवाळीत भाऊ आला. टेकू पाहिले आणि त्याचे डोळे चमकले. फोटो काढायला नेतो, आठ दिवसांत आणून देतो, म्हणाला. मी दिले. भैताडासारखे दिले! संक्रांत झाली तरी पत्ता नाही. बाबा रोज विचारायचे, मी रोज फोन करायची, तो रोज उद्या म्हणायचा. शेवटी एका रविवारी मी एसटीत बसले आणि सांगितल्याशिवाय त्याच्या दुकानात जाऊन उभी राहिले.

काचेच्या कपाटात, दिव्याखाली, दोघं पैलवान. काळेकुट्ट केलेले. पुढे पाटी: संस्थानी बंगल्यातले, शंभर वर्षांपूर्वीचे. सेमाडोहच्या एका रिसॉर्टवाल्याने ते पसंत करून ठेवलेत, असं भाऊ मलाच कौतुकाने सांगायला लागला. मी कपाट उघडलं. डावीकडचा पैलवान हातात घेतला. कान सरळ होता. नाजूक, रेखीव, एखाद्या नटाचा असावा तसा.

"कानाचं काय केलं?" मी विचारलं.

"अवं, तिथं बेढब गाठ होती. लाकूडच खराब असंन. कारागिराकडून छिलून घेतली. आता कसा साजरा दिसून राहिला, पाह्य."

तो खोटं बोलत नव्हता, हेच मला सहन झालं नाही. चोरी केली असती तर मी शिव्या घालून मोकळी झाले असते. पण हा त्याच बापाच्या खांद्यावर बसून जत्रा हिंडलेला. पडू नये म्हणून त्याच कानाला धरून बसायचा, बाबा अजून सांगतात. आणि त्याला ती लाकडातली खोड वाटली! मी दोन्ही टेकू पिशवीत घातले. गिऱ्हाइकाला काय सांगू, असं तो मागून म्हणत होता. काहीही सांग, तुला सवय आहे, म्हटलं आणि निघाले.

घरी आल्यावर मी बाबांना काहीच सांगितलं नाही. दोन्ही मांडीवर ठेवले. आधी त्यांनी जोडीदाराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हसले. मग दुसरा घेतला. बोटं कानापाशी गेली, थांबली, परत फिरली. त्यांनी हात उचलून स्वतःचा कान चाचपला. मग पुन्हा लाकडाचा. मला सांगावंच लागलं.

त्यांनी टेकू खाली ठेवला. मग स्वतःच्या कानाला बोट लावून म्हणाले, "त्याले म्हणा, एक कान दुरुस्त करायचा राह्यला हाये. येऊन जाय."

मी भावाला फोन करून हे शब्द जसेच्या तसे सांगितले. तो अजून आलेला नाही आणि येऊही नये. बाबा आता संध्याकाळी एकच टेकू मागतात, उजवीकडचा. कुस्तीची गोष्ट सांगत नाहीत.