फाशीचा खर्च आणि दोन जेवणं

"मेलेल्या माणसाले घरी कसं आणता, बाई?"

प्रश्न भूमियाचा, म्हणजे गावाचे देव आणि रीतिरिवाज सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या प्रमुखाचा. सगळं गाव मोहाच्या झाडाखाली बसलेलं आणि मधोमध मी, मांडीवर फाइल घेऊन. हेमलकशाच्या पुढे, जीप सोडून चालत जावं लागतं, असं ते माडिया आदिवासींचं गाव.

मी परिविक्षा अधिकारी होते. नाव भारदस्त, काम साधं. कैदी सुटायच्या आधी त्याच्या गावी जायचं, त्याला घरात कोण घेणार, गावाची हरकत आहे का, हे विचारून रिपोर्ट लिहायचा. याच गावच्या सन्नूची सुटका या रिपोर्टवर अडली होती. रागाच्या भरात त्याने दोन माणसं मारली होती. जिल्ह्याच्या कोर्टाने फाशी सुनावली, हायकोर्टाने ती जन्मठेपेवर आणली. आता वर्षं भरली होती, वागणूक उत्तम होती. मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांना मी आधीच भेटले होते, त्यांनीही हरकत घेतली नव्हती. गाव 'नको' म्हणालं असतं, तर मात्र तो आणखी किती वर्षं आत राहिला असता, देव जाणे.

आणि गाव म्हणत होतं, सन्नू मेला!

"दगड उभा केला आमी त्याचा," भूमिया म्हणाला. तिथे मेलेल्या माणसाच्या नावाने गावाबाहेर दगड उभा करतात आणि गावाला जेवण घालतात.

"पण मेला म्हणून सांगितलं कुणी?"

"कोर्टानं सांगतलं ना, मारतो म्हणून. सरकार खोटं कायले बोलन?"

घ्या! सरकारवर इतका विश्वास मी उभ्या नोकरीत कुठे पाहिला नव्हता. तुरुंग लांब, भाड्याला पैसे नाहीत, आलेलं पत्र वाचणारं कोणी नाही. सन्नूचा थोरला भाऊ कोमटी याने बरीच वाट पाहिली आणि मग सगळं रीतसर केलं. घरची डुकरं, बकऱ्या, कोठीतला भात, सारं त्या जेवणात गेलं.

मी मोबाइलवरचा सन्नूचा फोटो पुढे केला. कोमटीने मोबाइल दोन्ही हातांत धरला. मग म्हणाला, "याचे दात कुठी गेले?" आणि हसता हसता रडायलाच लागला. मलाही राहवेना. ऑफिसची ऐट विसरून मी पदराने नाक पुसलं.

भूमियाची शंका वेगळीच. "मंग मारलं काऊन नाई?"

मी समजावलं. फाशी सुनावली की लगेच देत नाहीत. हायकोर्टाने मंजूर करावी लागते. त्यासाठी सगळी केस पुन्हा तपासतात. सरकारचा वकील सरकारच देतं आणि गरीब आरोपीचाही सरकारच. तोवर कैदी वेगळ्या कोठडीत, रात्रंदिवस पहारा, बाहेर न्यायचं तर मोठा बंदोबस्त, आणि त्याला काम काही नाही. जन्मठेपवाला मात्र काम करतो. सन्नू सुतारशाळेत खुर्च्या बनवतो. त्याची मजुरी जमा होते, त्यातला वाटा पीडितांसाठी कापतात.

"म्हणजे मारणं महाग पडते म्हणून सोडलं?" भूमियाने विचारलं.

"नाही हो भाऊ! हायकोर्टाला वाटलं, हा माणूस सुधारेल. खर्चाची गोष्ट वेगळी."

"पन महाग तं आहे?"

"महाग आहे."

"आमालेबी लय महाग पडला," कोमटी म्हणाला, आणि अख्खं गाव खो खो हसलं.

पण रीत ती रीत. मेला म्हणून जेवण झालं, तर जित्ता आहे म्हणूनही व्हायला हवं. त्याशिवाय तो गावात धरला जाणार नाही. कोमटीचं हसू मावळलं. "एकदा दिलं, बाई. आता कुठून आणू?"

चंद्रपूरला येऊन मी साहेबांसमोर उभी राहिले.

"गावजेवण? कोणत्या हेडमधून टाकू, मॅडम? बकऱ्याची पावती देतील का?"

"सर, त्याशिवाय माणूस सुटत नाही."

"आणि पावतीशिवाय मी सुटत नाही. ऑडिट आहे!"

मग मी तुरुंगात सन्नूलाच गाठलं. दगडाचं सांगितलं. त्याने हातातला रंधा खाली ठेवला. मला वाटलं, चुकलंच माझं.

"कुठी लावला, बाई?"

"नदीकडच्या अंगाला."

"जागा मस्त आहे," तो म्हणाला आणि बोळक्या तोंडाने असा हसला की गार्डही हसला. "माही मजुरी आहे ना जमा? दादाले धाडा." फाशीच्या कोठडीतच राहिला असता, तर धाडायला त्याच्याजवळ काय असतं?

मनीऑर्डर पोचली, गावाने अंगठे दिले, रिपोर्ट गेला, ऑर्डर निघाली. तो आला त्या दिवशी मला खास बोलावणं होतं. भूमियाने सगळ्यांसमोर त्याचा दंड चाचपला आणि जाहीर केलं, "जित्ता आहे!" ढोल सुरू झाले. मला नाचायला ओढलं, मी नाचले, वाईट नाचले. कोमटी पंगतीत वाढत होता. भावाच्या पानात भात टाकायचा, चार पावलं जायचा, परत येऊन आणखी टाकायचा. सन्नू नको नको म्हणत खात होता.

एरवी कुणी चहाच्या टपरीवर सांगू लागलं, की तुरुंगात पोसण्यापेक्षा फाशी स्वस्त, तर मी वाद घालत नाही. हिशेब जरूर करा म्हणते, फक्त भावाच्या मरणाचं जेवण ज्याने घातलं, त्याचाही आकडा त्यात धरा.