नाकसाहेबांचं गोड पाणी

पेट्रोल पंपाखाली गाडलेल्या टाक्या गळतात की नाही, हे तपासायची त्याची नोकरी. जमिनीखालचं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तपासणीची एक रीत असते. पंप बंद ठेवायचा, टाकीतलं पेट्रोल स्थिरावू द्यायचं, आत मोजणीचं यंत्र सोडायचं आणि पातळी केसभर तरी उतरते का ते बघत बसायचं. बसणं महत्त्वाचं, कारण नुकतंच ओतलेलं थंड पेट्रोल जमिनीची ऊब लागून फुगतं आणि गळती झाकली जाते. पण बसायचं म्हटलं की ह्याच्या जिवावर यायचं! गळतीचा माग लागावा म्हणून टाकीच्या आजूबाजूला जमिनीत उभे पुरलेले पाईप असतात. हा त्यांची झाकणं उघडायचा, गुडघे टेकायचा, डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचा आणि जाहीर करायचा, "कोरडी आहे. पास!" धंदा बंद ठेवावा लागत नाही म्हटल्यावर पंपवाले खूश. त्यांनीच त्याला नाकसाहेब हे नाव दिलं. आणि हा शहाणा ते पदवीसारखं मिरवायचा.

बायकोला हे नाकपुराण तोंडपाठ झालं होतं. जेवताना तेच, पाहुणे आले की तेच. "ऑफिसात यंत्रं घेऊन फिरणारे सगळे बिनडोक. उपजत देणगी लागते, देणगी!" आमटी करपून घरभर धूर झाला तरी ही देणगी पेपरात डोकं खुपसून बसलेली असायची. कामाचं नाक कामावर, असं म्हणून बायको गॅस बंद करायची.

मग अंगणातल्या बोअरच्या पाण्याला वास यायला लागला. पेट्रोलचा, चक्क पेट्रोलचा. घराच्या मागच्या भिंतीला लागून पंप होता, आणि तिथली टाकी नाकसाहेबांनीच पास केलेली. लेक आपल्या लहानगीला घेऊन ह्यांच्याकडेच राहत होती. नात दुधाची बाटली तोंडाला लावली की रडायची, आंघोळ घातली की अंगावर लाल चट्टे उठायचे. लेक म्हणाली, "बाबा, पाणी खराब झालंय."

"मनाचे खेळ आहेत. मी स्वतः हुंगलीय ती टाकी."

बायको गल्लीच्या टोकाच्या नळावरून बादल्या भरून आणायला लागली. तर ह्या भल्या माणसाने भरलेली बादली दारात उपडी केली. लोक बघतात म्हणे! त्याची अब्रू जाते म्हणे! नातीची कातडी सोलवटली तरी चालेल, ह्याच्या नाकाला धक्का लागता कामा नये. त्या दिवशी बायकोचं टाळकंच सटकलं. ती तडक पंपावर गेली आणि मालकाला म्हणाली, "तुमची टाकी आमच्या पाण्यात गळतेय. चला, बघा."

मालक आला. बाई मालकाला घेऊन निघाली म्हटल्यावर शेजारीपाजारीही मागोमाग आले. लेकीने बोअर सुरू करून पेला भरला, तशी शेजारणीने नाकाला पदर लावला. मालकाने रुमाल काढता काढता तो पुन्हा खिशात कोंबला. नाकसाहेब बनियनवरच बाहेर आले. त्यांनी आधी पाण्याकडे नाही, मालकाच्या तोंडाकडे बघितलं. मालक गोड हसला.

झालं, साहेबांना उत्तर मिळालं. त्यांनी पेला हातात घेतला, डोळे मिटले, छाती भरून श्वास ओढला. "काही नाही. गोड पाणी आहे!" असं म्हणून सगळ्यांसमोर पेला घटाघटा रिकामा केला आणि मिशा पुसल्या.

लेक तोंडाला हात लावून बापाकडे बघत राहिली. पाणी पेल्यात असताना चार हातांवर उभ्या माणसाच्या नाकात वास झोंबत होता, आणि हा ढेकर देत होता. बायकोच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती जवळ गेली. "अहो, तुम्हाला वास येतच नाही ना?"

त्याने झटकन मालकाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "हळू बोल," तो म्हणाला.

म्हणजे ह्याला माहीत होतं! इतकी वर्षं पाईपात तोंड घालून नाक मेलं होतं, ते ह्याला पुरतं ठाऊक होतं, आणि हा लोकांची तोंडं बघून टाक्या पास करत हिंडत होता. तिला त्याची दया यायला हवी होती. शिसारी आली.

"साहेबच म्हणाले ना गोड पाणी?" मालक निघता निघता बोलला. "मग वहिनी, विषय संपला."

"अहो, निदान आता तरी सांगा ह्यांना! तुमची नात हेच पाणी पितेय."

तो खाली बघत म्हणाला, "बोअरचा पाईप नवा असेल. नव्या पाईपाला वास येतो कधीकधी."

बायकोने आत जाऊन फोन उचलला आणि त्याच्या ऑफिसला लावला. तो दारापर्यंत धावत आला. "अगं, नोकरी जाईल माझी!" तिने पाठ फिरवली. आपण कोण ते सांगितलं, नवऱ्याला वास येत नाही तेही सांगितलं, आणि टाकी यंत्र लावून परत तपासा म्हणाली. पलीकडून विचारलं, कुठली टाकी?

"एक नाही," ती म्हणाली. "ह्यांनी पास केलेल्या सगळ्या."