दामूने ऑर्डर मानली नाही

फौजेतून सुटलो आणि माझं शेवटचं पोस्टिंग खरवईत झालं. ऑर्डर बायकोची. तिच्या बहिणीने बदलापुरात फ्लॅट घेतला होता, म्हणून आम्हीही तिथल्याच खरवईत घेतला. तिसऱ्या मजल्यावरची बाल्कनी, समोर डोंगर. पहिल्या उन्हाळ्यात मी रोज संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून बसायचो आणि डोंगर जळताना बघायचो. आज हा उतार, उद्या तो. सोसायटीतले लोक फोटो काढायचे. कोणीतरी म्हणालं, "काय मस्त दिसतंय ना, साहेब!" माझं डोकं फिरलं. मी इंजिनिअर रेजिमेंटचा हवालदार. आग, पूल, सुरुंग यांच्यात नोकरी गेली. जळणारी गोष्ट नुसती बघत बसायची सवय मला नाही.

दामू तेव्हा भेटला. नाईक दामोदर, नाईक हा हुद्दा, बदलापूर गावचा आगरी, फौजेत ड्रायव्हर होता. आम्ही एका युनिटात कधीच नव्हतो, पण माजी सैनिकांच्या मीटिंगमध्ये शेजारी बसलो आणि चहा येईपर्यंत भांडलो. विषय होता, डिझेल इंजिन थंडीत कसं चालू करायचं. चुकत तोच होता, पण त्याने मरेपर्यंत मान्य केलं नाही. मी डोंगराचं बोललो तर म्हणाला, "मग बोंबलतोस कशाला? चल ना. माझा ट्रॅक्टर हाय, टँकर हाय. तू फक्त हुकूम सोड, तेवढंच तुला जमतं."

असं आमचं काम सुरू झालं. दर रविवारी सकाळी सहाला फॉल-इन. आधी दोघं होतो, मग दहा-बारा झालो. बँकेतले, शाळेतले, एक नर्स, आणि उल्हासनगरचे लच्छू सेठ. त्यांचं फर्निचरचं दुकान. "साईं, आयुष्यभर लकडी विकली, आता थोडी लावतो पण," असं म्हणून ते आले आणि टिकले. शिस्तीचा गंध नव्हता. फॉल-इनला कायम शेवटचे, पण डब्यात सगळ्यांसाठी दाल-पकवान. त्यांनीच उल्हासनगर कॅम्पच्या बाजारातून तीन वॉकीटॉकी आणले. डोंगरात मोबाईलला रेंज नसते म्हणून ते सेट कामाचे होते, पण सेठ त्यावर "रॉजर, रॉजर" करून बॅटरी संपवायचे. मी ओरडलो की दामू हसायचा.

आम्ही वरच्या उतारावर ऐन, आवळा, करंज, जांभूळ लावलं. सगळ्यात मोठी अडचण बकऱ्यांची होती, आणि बकऱ्या जनाबाईच्या. डोंगराच्या कुशीत ठाकरांची वाडी आहे. जनाबाई तिथली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, खाली भाताचा एक तुकडा आणि या बकऱ्या. एवढ्यावर ती कोणाकडे हात न पसरता जगत होती. पहिल्या दिवशी ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमी झाडा लावा, माज्या बकऱ्या खातील. मंग तुमी रडा."

दामूनेच तोड काढली. पलीकडच्या उतारावर पाणी नव्हतं म्हणून बकऱ्या इकडे यायच्या. आम्ही पलीकडे झऱ्याचं पाणी वळवून जनावरांना प्यायला दगडी डोण बांधली. शेजारीच बकऱ्यांचा वाडा उभा केला, कुडाच्या भिंती आणि वर गवताचं छप्पर. बिबट्याची भीती म्हणून दार तारेने बांधायची सोय केली. जनाबाईने बकऱ्या तिकडे नेल्या आणि परत एकदाही आमच्या झाडांकडे येऊ दिल्या नाहीत. त्या डोणीवर सकाळी सशांच्या लेंड्या दिसायला लागल्या, मोर यायला लागले. एकदा भेकर दिसलं. लच्छू सेठ त्या दिवशी दुकान उघडायला गेलेच नाहीत.

झाडांसाठी आम्ही जाळरेषा काढली होती. म्हणजे उताराच्या कडेने गवत पार खरवडून काढलेला रुंद पट्टा, आग आली तर तिथे तिला खायला काही मिळू नये. पावसाळ्यानंतर ते गवत कापून कापून आमच्या नाकी नऊ यायचे. कापलेल्या गवताचं करायचं काय? लच्छू सेठना सुचलं, वाडीला देऊन टाकू, राबाला होईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

राब इकडच्या लोकांना सांगायला नको, पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी सांगतो. पावसाआधी भाताची रोपं टाकायची ती जागा भाजून घेतात. शेण, त्यावर झाडाच्या फांद्या, म्हणजे कवळ, त्यावर पालापाचोळा आणि थोडं गवत, आणि सगळ्यावर बारीक मातीचा थर. पहाटे लावायचा. मातीखाली तो आतल्या आत धुमसतो आणि वारा सुटायच्या आत संपतो. वाडीतली माणसं पिढ्यान् पिढ्या हे करत आली आहेत.

त्या वैशाखात जनाबाईने कवळ कमी तोडला. झाडं तोडायची नाहीत असं आम्हीच तिला दोन वर्षं सांगत होतो ना. कवळाच्या जागी तिने आम्ही दिलेलं गवत रचलं, चांगलं गुडघाभर. वर माती टाकली, पण गवत पोकळ. ते पेटलं तशी माती खाली घसरली. पहाटे संपायचा तो राब ऊन वर आलं तरी जळत होता. आणि मग खाडीकडचा वारा सुटला.

रविवार होता. आम्ही जाळरेषेवर उरलेली साफसफाई करत होतो. दामू खाली रस्त्यावर ट्रॅक्टर आणि त्याच्या ट्रॉलीवर चढवलेला पाण्याचा टँकर घेऊन उभा होता. धूर मला आधी दिसला, मग आवाज आला. गवताची आग तडतडत येते. मी माणसं रेषेवर पसरवली. प्रत्येकाच्या हातात करंजाच्या ओल्या फांद्या.

"साईं, मी किधर उभा राहू?" लच्छू सेठ.

"माझ्या डावीकडे. आणि मी सांगेपर्यंत तोंड बंद."

ते उभे राहिले. अंगाने जाडजूड माणूस, घामाने निथळत होता, पण एक पाऊल मागे गेला नाही. आग रेषेपर्यंत आली, दोन-तीन ठिकाणी उडी मारायला बघत होती, ती आम्ही झोडपून विझवली. रेषा टिकली. लोकांनी आरोळी ठोकली. माझ्याही जिवात जीव आला. आणि तेवढ्यात मी बघितलं की आग रेषेला लागून पलीकडे वळली आहे. पलीकडे डोण होती आणि बकऱ्यांचा वाडा. धुराने बकऱ्या बुजतात म्हणून राब लावायच्या दिवशी जनाबाई त्यांना आत कोंडून ठेवायची. दार तारेने बांधलेलं.

मी सेट उचलला.

"दामू, पोझिशन सांग. ओव्हर."

"चढावर हाय. वाडा समोर दिसतो. बाय धावत आली, तिला धरून ठेवलीय. ओव्हर."

"आग कुठे? ओव्हर."

"वाड्याच्या मागल्या अंगाला. बकऱ्या आतच हायेत. ओव्हर."

"छपरावर पाणी मार आणि मागे हो. आत जायचं नाही. दामू, ही ऑर्डर आहे. ओव्हर."

सेट खरखरला. मग त्याचा आवाज.

"हवालदार, पेन्शनीत निघालो रं आपण. ऑर्डर कसली? औट."

मी धावत सुटलो. त्या उतारावरून धावायला माझ्या गुडघ्यांना बंदी होती. पुढचं मी जनाबाईकडून ऐकलं. दामूने टँकरचा पाइप तिच्या हातात दिला आणि सांगितलं, छपरावरून हलवू नको. स्वतः ओला टॉवेल तोंडाला बांधला आणि पक्कडीने दाराची तार तोडली. दार उघडलं तरी बकऱ्या बाहेर येईनात. घाबरल्या की त्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून उभ्या राहतात, आगीकडे तोंड करून. त्याने पुढारी बकरी ओळखली, तिला खांद्यावर टाकली आणि बाहेर आला. ती ओरडली, तशा बाकीच्या मागोमाग पळाल्या. जनाबाईने बघितलं, दोन करडं कमी होती. ती काही बोलली नाही असं ती शपथेवर सांगते. पण दामूने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि परत आत गेला. टँकर तोवर रिकामा झाला होता. एक करडू त्याने दारातून बाहेर फेकलं. मग छप्पर खाली आलं.

मी आणि लच्छू सेठ पोहोचलो तेव्हा जनाबाई हातांनी जळकं गवत उपसत होती. आम्ही त्याला बाहेर काढलं. अंगावर भाजलेलं फार नव्हतं, पण धूर आत गेला होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातला. सेठनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ट्रॅक्टर मी चालवला. वळणावर गिअर खरवडला तर मागून बारीक आवाज आला, "क्लच दाब, क्लच." तशा अवस्थेतही. मी रडत होतो की शिव्या देत होतो, मला आठवत नाही. बहुतेक दोन्ही.

हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आला तेव्हा त्याने विचारलं, "सगळ्या?"

"सगळ्या," मी म्हणालो. एक करडू गेलं होतं. ते मी त्याला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नाईक दामोदर गेला.

पुढचे दिवस मला आवडले नाहीत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज यायला लागले. वाडीवाल्यांनीच जाळलं, या लोकांना डोंगराची किंमत नाही, केस करा. लिहिणाऱ्यांतले निम्मे लोक एकदाही डोंगरावर आले नव्हते. मी लिहिलं, गवत आपण दिलं होतं, ज्याला केस करायची त्याने माझ्यावर करावी, पत्ता सगळ्यांना ठाऊक आहे. मग मेसेज थांबले. पण बोललेलं वाडीपर्यंत पोहोचतंच. जनाबाईने सगळ्यांशी बोलणं टाकलं. मी गेलो तेव्हा ती दारात बसली होती, बकऱ्या भुकेने ओरडत होत्या. तिला तो आवाज ऐकूच येत नव्हता.

"बकऱ्या इकते," ती म्हणाली. "वीटभट्टीवर जाते. त्या बायला मी कोणतं तोंड दाखवू?"

मी फौजेत मेलेल्या जवानांच्या घरी बातमी घेऊन गेलो आहे. काय बोलायचं ते शिकवलेलं असतं. इथलं कोणी शिकवलं नव्हतं. मी बकऱ्या सोडल्या, डोणीवर नेल्या आणि परत आणून बांधल्या. त्यानंतर रोज कोणी ना कोणी ते केलं. एक दिवस लच्छू सेठनीही केलं. बकऱ्यांनीच त्यांना चारून आणलं म्हणा.

"त्या बाय"ला, म्हणजे सुशीला वहिनींना, मी तेराव्यानंतर हे सांगितलं. त्या दामूच्या बायको. मी घाबरत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला, आणि विचारलं, "आमचा राब राहिलाय. दर साली तेच लावायचे. पाऊस तोंडावर आलाय. कवळ आणून द्याल?"

मी वाडीत निरोप दिला, एवढंच. दुसऱ्या दिवशी पहाटे बदलापूर गावात, नदीकाठच्या त्यांच्या तुकड्यावर, वाडीतल्या सगळ्या बाया डोक्यावर भारे घेऊन उतरल्या. शेण आणि पालापाचोळा. कवळ होता तो वाळून पडलेल्या फांद्यांचा, झाडाला कोणी हात लावला नव्हता. जनाबाई सगळ्यांच्या मागे, पदर तोंडावर. बायांनी राब रचला. वर माती चाळून हाताने थापली. बोटभर जाड थर, कुठेही भेग नाही. मग सगळ्या बाजूला झाल्या. लावायला कोणी पुढे होईना.

वहिनींनी कमरेची काडेपेटी काढली आणि जनाबाईसमोर धरली.

"नाय गो बाय," जनाबाई मागे सरली. "माज्या हाताने नको. माजा हात जळला."

"तुझ्याच हाताने," वहिनी म्हणाल्या. "तुझ्या बकऱ्यांसाठी गेले ते. तू भट्टीवर गेलीस तर कशासाठी गेले, सांग मला. धर."

जनाबाईने ओढलेल्या दोन काड्या विझल्या. तिसरी वहिनींनी दोन्ही तळव्यांच्या आडोशात धरली, आणि राब लागला. आग दिसली नाही, फक्त मातीतून निळसर धूर. बाया तिथून हलल्या नाहीत. लच्छू सेठ बांधावर बसून लहान मुलासारखे हुंदके देत होते. मी अटेन्शनमध्ये उभा होतो, दुसरं काही येत नाही म्हणून. वारा सुटायच्या आधी राब संपला. राख हाताला गार लागेपर्यंत आम्ही थांबलो. वाडीत आता कोणीही राब लावला की असंच थांबतात.

इकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. इतक्या वर्षांत वहिनींच्या तोंडून मी "आमचे हे" आणि "ते" एवढंच ऐकलं होतं. त्या दिवशी त्या उठल्या, जनाबाईचा हात धरला, नदीकडे तोंड केलं आणि शेतात कामाला गेलेल्या माणसाला घरातून हाक मारावी तशी मोठ्याने हाक मारली.

"ओ दामोदर! राब झाला हो. आता या जेवायला."