कोरा अंगठा

आज सुमनच्या शाळाप्रवेशाचा फॉर्म भरला. सुमन ही सिग्नलवर गजरे विकणाऱ्या शांताबाईंची मुलगी. पुलाखाली मी घेते त्या वर्गात ती यायची, आणि तिला सोडायला आलेली आई गजरे ओवता ओवता पाटीकडे बघत बसायची.

शाळेतल्या क्लार्कने शांताबाईंच्या विटक्या साडीकडे एकदा पाहिलं आणि न विचारताच शाईचा पॅड पुढे सरकवला. माझं डोकंच फिरलं. पण मी काही बोलायच्या आत बाईंनी तो बाजूला केला.

“पेन द्या, साहेब.”

एकेक कळी ओवावी तशी त्यांनी एकेक अक्षर जोडत सही केली. मग सवयीनं अंगठा पदराला पुसला.

“आये, शाई कुठं लागलीय?” सुमन हसली.

पदराच्या त्या टोकाला जुने निळे डाग होते. आजवर जिथं जिथं नाव सांगायची वेळ आली, तिथं या बाईनं अंगठा उठवला होता आणि कुणाला दिसायच्या आत पुसून टाकला होता.

त्यांनी अंगठा उजेडात धरून निरखला. स्वच्छ होता. मग क्लार्ककडे वळून म्हणाल्या, “अजून कुठं सही पायजे असंल, तर सांगा.”