मावशीचे डास

माझी मावशी डास पाळते. हसा, सगळी गल्ली हसते.

फवारणीच्या औषधानं न मरणारे डास ती प्रयोगशाळेत वाढवते, का मरत नाहीत ते शोधते. त्यांना रक्त लागतं, म्हणून स्वतःचा हात पिंजऱ्यात घालून बसते. हातभर गांधी उठतात. बसमध्ये शेजारची बाई उठून जाते. सिनेमातल्या हिरोचं कुत्रं शिंकलं तरी पेपरात येतं. मावशीचं नाव एकदाच आलं, तेही चुकीचं.

मी शाळा सोडलेली. स्टेजचे दिवे बांधते. पण मावशीला कुणी हसलं की माझं टाळकं सरकतं.

त्या संध्याकाळी प्रयोगशाळेसमोरच्या मैदानात हिरो गायला येणार होता. आमचा जनरेटर बसला. माझ्या शेठनं तिथल्या वॉचमनला पटवून प्रयोगशाळेची लाईनच स्टेजला ओढली. मी वर दिवे बांधत होते, मला पत्ताच नाही. खाली बघते तर मावशी गर्दीतून घुसत येतेय, एका पायात चप्पल नाही.

"अहो, खोलीतला हीटर बंद पडलाय! थंडीनं माझे डास मरतील!"

शेठ म्हणाला, "मॅडम, डास मेले तर पुण्यच लागेल की!"

सगळे खो खो हसले.

"दोन वर्षांचं काम आहे हो ते!"

"हिरो जाऊ दे, मग पाळा नवे. डासांना काय तोटा?"

तेवढ्यात हिरो आला. एकच किंचाळी. एका पोरानं मावशीच्या हातात फोन कोंबला, "काकू, हिरोसोबत माझा फोटो काढा ना." आणि मावशी इतकी भली, तिनं तो धरलासुद्धा!

मी सरसर खाली उतरले.

"शेठ, लाईन परत द्या."

"वर चढ गुपचूप."

मी खटका ओढला. अंधार. गाणं बंद, आणि फोनच्या उजेडात हिरोचे ओठ मात्र हलतायत. गात कोण होतं मग? वायर उपटून मी प्रयोगशाळेची लाईन चालू केली. पाठीत बाटली बसली. शेठनं आईबहीण काढली, कामावरूनही काढलं. गेला उडत.

खोलीत पिंजऱ्याच्या तळाशी मेलेल्या डासांचा काळा भुगा पडलेला. मावशीनं हात आत घातला. कितीतरी वेळ काहीच नाही. मग मनगटावर एक मादी येऊन बसली.

"चाव गं बाई, चाव," मावशी म्हणाली.

मग दुसरी आली.

बाहेर लोक अजून हिरोच्या नावानं बोंबलत होते. मी खिडकी धाडकन लावली.